पाव इंच, सहा मिलिमीटर

डॉक्टर ग्लॉकोमा म्हणाले, तेव्हा मी नुसती मान हलवली. घरी आल्यावर पप्पांनी आईला सांगितलं, "काचबिंदू", आणि त्या शब्दाची मला जास्त भीती वाटली. पप्पांचा उजवा डोळा गेलाच होता. डावा किती दिवस पुरेल, हे कुणी सांगत नव्हतं.

पप्पा आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून केडगावच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, ते एक जुनी गाडी आतून पहिल्यासारखी करत होते. सीटचं रेक्झिन, छताचं कापड, सगळं झालं होतं. राहिलं होतं ते ड्रायव्हरच्या दाराची काच खाली-वर करायचं हँडल. हँडल होतं, पण ते दांड्याला धरून ठेवणारा स्क्रू नव्हता. बाकीच्या तीन दारांना मूळचे होते, गोलसर डोक्याचे, मायनसचे, म्हणजे एकाच सरळ खाचेचे. आता दुकानात प्लसचे मिळतात, आणि तसा त्यांना नको होता. दिसतंय तोवर त्या सीटवर बसून स्वतःच्या हातानं काच खाली करायची, एवढंच ते म्हणत होते.

नगरमधली दुकानं मी पालथी घातली. कुणीतरी संगमनेरचं एक जुनं गॅरेज सांगितलं. "मागच्या दाराचा काढून ने नमुन्याला," पप्पा म्हणाले. तो हरवला तर, म्हणून मी फक्त फोटो काढून नेला.

गॅरेजचे मिस्त्री म्हातारे होते. बाकड्यावर दोघं चहा पीत बसले होते. मी मोबाईल पुढे केला.

"ताई, फोटो स्थळाला दाखवायचा असतो, स्क्रूला न्हाई," मिस्त्री म्हणाले. "फोटोत आटे कुठं दिसत्यात?"

"दाखवा की," बाकड्यावरचा एक जण म्हणाला. "पसंत पडंल."

दोघंही हसले. माझे कान तापले. मिस्त्रींनी फळीवरून दोन डबे काढले. "इंची का मिलिमीटर?"

मला माहीत नव्हतं. पप्पांना फोन केला असता तर एका मिनिटात कळलं असतं. पण त्या तिघांसमोर आणखी एक मिनिट उभं राहावं लागलं असतं. "मिलिमीटर," मी म्हणाले, अगदी ठामपणे. शाळेत उत्तर येत नसलं की मी असंच ठाम बोलायचे. मिस पुढच्या मुलीकडे वळायच्या. मिस्त्रींनी इंची डबा परत फळीवर ठेवला.

स्क्रू दिसायला हुबेहूब होता. पप्पांचा नियम होता, पहिले तीन आटे नुसत्या बोटांनी जायला हवेत, मगच पेचकस. माझा दीडच गेला. वाटलं, आत गंज असेल. पेचकस लावून जोर दिला. बारीक चरचर झाली आणि स्क्रू एकदम मोकळा फिरायला लागला. पाव इंच आणि सहा मिलिमीटर नजरेला सारखेच वाटतात. दांड्यातले इंची आटे मेले होते.

"बसला?" पप्पांनी व्हरांड्यातून विचारलं.

"बसला."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा संगमनेरला गेले. आता योग्य स्क्रूलाही धरायला आत काही उरलं नव्हतं, हे कळत होतं, तरी गेले.

"त्यो इंची डबा भंगारात घातला, ताई," मिस्त्री म्हणाले. "तवाच बोलला असता तर आख्खा दिला असता."

नंतर मी पप्पांना कारणं सांगत राहिले. पॉलिश वाळतंय, काच साफ करायचीय. दोन महिने गेले. एके सकाळी ते भिंत चाचपत एकटेच शेडमध्ये आले. तोवर त्यांना फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळत होतं. सीटवर बसून त्यांनी हँडल शोधलं, स्क्रूच्या खाचेतून नख फिरवलं.

"मायनस," ते हसले. "छान मिळवलास."

मग हँडल फिरवलं. काच चार बोटं खाली आली आणि हँडल त्यांच्या हातात निघून आलं.

"मी मिलिमीटर सांगितलं होतं," मी म्हणाले.

"माहितीये. आटे गेल्याचा आवाज आला होता मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. तेव्हा थोडं दिसत होतं गं. नवे आटे पाडले असते."

आवाजात राग नव्हता. हँडल त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दार उघडायचा खटका चाचपू लागले. तो त्यांना सापडेना. मी हात धरून दाखवला.