टेस्टचा रिपोर्ट
मोसंबी सोलली की अजूनही मला तो शनिवार आठवतो. न्यूझीलंडमध्ये दोन वर्षं नोकरी करून मी परतूरला आलो तो रग्बीचं वेड घेऊनच, पण इथे त्या खेळाला कुत्रंही विचारत नव्हतं. त्या दिवशी दुपारी तिकडच्या संघाची टेस्ट मॅच होती; रग्बीतही दोन देशांच्या सामन्याला टेस्टच म्हणतात, फक्त ती दीड-दोन तासांत संपते. सकाळी शेजारचे कापडवाले मारवाडी काका म्हणाले, "तोंड का उतरलं रे?" मी म्हणालो, "काका, आज टेस्ट हाय. लई धाकधूक होऊन राह्यली." मॅच सुरू होते न होते तोच काका पिशवीभर मोसंब्या घेऊन दारात हजर. "रिपोर्ट कवा येनार?" मोबाइलवरून नजर न काढता मी म्हणालो, "दीड-दोन तासात, याच्यावरच." मग माझी ट्यूब पेटली. पण खरं सांगितलं असतं तर ते उठून दुकानात गेले असते, म्हणून मी गुमान पेशंट झालो. "मन रमवायला कुस्ती बघून राह्यला का? बघ, बघ," म्हणत काकांनी खुर्ची ओढली आणि मला एकेक फोड भरवत शेवटपर्यंत बसले. आम्ही हरलो, माझा चेहरा पडला. काकांनी पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. टेस्ट चुकते बी. पुन्हा करू." आता काका मुलाकडे पुण्याला असतात आणि फोनवर अजूनही माझ्या टेस्टची चौकशी करतात. परवा आम्ही जिंकलो, पण सांगायला घरात कुणीच नव्हतं. शेवटी त्यांनाच फोन लावला, "काका, रिपोर्ट चांगला आला." काकांनी ओरडून घरभर सांगितलं, आणि तिकडे वाजलेल्या टाळ्या मी इकडे एकटाच कानाला फोन लावून ऐकत राहिलो.