वाळत घातलेल्या गोधड्या

आई उपकेंद्रात नर्स होती, म्हणून आम्ही नाशिकच्या पश्चिमेला धरणाच्या फुगवट्याकाठी राहायचो. मी मात्र देवळाली कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहावर. शनिवारी दुपारी एसटीने घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचं. कॅम्पात कुणी नुसतं चक्कर येऊन पडलं तरी अ‍ॅम्ब्युलन्स यायची. आमच्या गावात काय आहे, असं वर्गातल्या मुली विचारायच्या, तेव्हा मी विषय बदलत असे.

होतं ते इतकंच. दोन खोल्यांचं उपकेंद्र, त्याच्या मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. सुया उकळायचं पातेलं आणि चहाचं पातेलं एकाच स्टोव्हवर आलटून पालटून चढायचं. घरभर स्पिरिटचा वास असायचा. तो वास आजही कुठे आला की मला आधी भूक लागते. एक नाव होती. धरणावर एक सरकारी जीप होती, ड्रायव्हर चांगला, जीप लहरी. डॉक्टर तालुक्याला.

आणि पलीकडे वाडी होती. धरण भरलं तेव्हा काही घरं पाण्यापलीकडच्या टेकाडावर चढली आणि तिथेच राहिली. रस्त्याने वळसा घालून यायला अर्धा दिवस जाई. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. कुणी अडलं, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की काठावरच्या करंजावर गोधडी टाकायची. इकडून ती दिसली की आई पिशवी उचलायची आणि नाव सुटायची. निरोप नाही, चिठ्ठी नाही. आई जेवतानाही तोंड पाण्याकडे करून बसायची.

मी आठवी-नववीत असेन. नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, म्हणून त्या रविवारी वाडीतल्या बायका भल्या सकाळी पाण्यावर उतरल्या होत्या. आम्ही चहा घेईपर्यंत पलीकडचा सगळा काठ गोधड्यांनी भरला. खडकांवर, झुडपांवर, कुंपणांवर, आणि करंजावरही तीन-चार.

नाववाले मामा ओट्यावर बिडी ओढत होते. आईला म्हणाले, "बाई, आज तुमचं काय खरं नाय. सगळी वाडीच बाळंत व्हायला बसली."

आई हसली. पण तिला चैन नव्हतं. वाडीत एक पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेले. आई दारापर्यंत जायची, बघायची, परत यायची. उगाच निघावं, तर इकडे एक ताप चढलेलं पोर अंगणात तपासायचं राहिलेलं होतं.

मी कठड्याशी पुस्तक घेऊन बसले होते. वाचत नव्हते. मला बोलण्यापेक्षा बघणं सोपं जायचं. बघता बघता लक्षात आलं की सगळ्या गोधड्या ओल्या, जड, खाली ओढल्यासारख्या लोंबताहेत. करंजाच्या शेंड्याजवळची एक मात्र वाऱ्याबरोबर उडतेय. ती धुतलेलीच नव्हती.

सांगावं की नाही, यात थोडा वेळ गेला. मग मी आईजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आय थिंक, देअर इज वन..."

"मराठीत सांग," आई म्हणाली.

"एक कोरडी आहे."

आईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पुढचं मला काही विचारलं नाही. पोराच्या आईच्या हातात गोळ्या ठेवल्या आणि मला म्हणाली, "पिशवी घे. चल."

पलीकडे काठावर त्या पहिलटकरणीची सासू उभी होती. नाव टेकायच्या आत तिने तोंड सोडलं. "कवाधरनं लावलीय गोधडी. डोळे हायेत का नाय तुमास्नी?"

"सगळा डोंगर गोधड्यांनी झाकलाय, मावशी. त्यात तुमची कोणती ते कसं कळायचं?" आई उतरता उतरता म्हणाली.

"मंग काय, घट बसायचे तर धुवायच्या नायत व्हय?"

आई पुढे गेलेलीच होती. बाळ झालं होतं, मुलगी. पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. आईने इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, मग बाहेर येऊन म्हणाली, "हिला नाशिकला न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता." बांबूला झोळी बांधली, तिच्यातून तिला नावेत आणलं. सासू बाळाला घेऊन बसली, नवरा झोळीशी बसला. त्या बाईचे ओठ चुन्यासारखे पांढरे झाले होते. तिने माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं, आणि मी ते सोडवून घेतलं नाही.

जीप त्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिला आडवं झोपवल्यावर आई आणि त्या बाईचा नवरा कसेबसे मावले. सासू आणि बाळ आमच्या ओट्यावर राहिले. शेजारची लेकुरवाळी बाई येऊन बाळाला पाजून जायची. सासू पाण्याकडे पाठ करून बसली होती. मी चहा दिला, तो तसाच साय धरून गार झाला. भात वाढला, तिने ताट सरकवलं. दुपारभर ती एकदाच बोलली, तेही स्वतःशी, "सोयर लागलं. औंदा आमच्यात घट नाय." तिच्याशी काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. मी बाळाच्या तोंडावरच्या माश्या वारत बसले.

दिवस मावळायच्या सुमारास एसटी आली. आमच्याकडे तार आणि टेलिफोन म्हणजे कंडक्टरच. गाडी थांबायच्या आधीच तो दारातून वाकून ओरडला, "नर्सबाईंनी सांगितलंय, रक्त थांबलं. दोन बाटल्या चढवल्या. शुद्धीवर आहे, सासूला विचारत होती."

सासूने बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं, पदर तोंडावर ओढला, खांदे हलत राहिले. मी दुसरीकडे बघत राहिले. तेवढं मला येत होतं.

मग तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ए पोरी, मघाचा भात हाय का? आन् कालवण तिखट कर. नर्सबाईच्या घरचं लय मिळमिळीत असतं, म्हनत्यात."