गोधडीखाली टॉर्च

“मॅडम, आता बघायचं काय रायलंय? रात्रभर लाइट नव्हती. सगळी फेकून द्या नि मशीन धुवून टाका,” मंगलताई म्हणाल्या. हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं होतं, आणि दर वेळी आवाज एक पट्टी वर चढत होता.

मी जनावरांची डॉक्टर. राहते पेणला, नोकरी रोहा तालुक्यात. त्या दिवशी मी रोह्याच्या अलीकडच्या एका गावात, समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत उभी होते. खोलीत बचत गटाचं इन्क्युबेटर होतं. म्हणजे अंडी उबवायचं मशीन. कोंबडी पोटाखाली देते ती ऊब हे मशीन विजेवर देतं. गटाची ही पहिलीच खेप, गावठी अंड्यांची. ती घालून आठवडा उलटला होता. आदल्या संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर गेला आणि वीज आली ती थेट त्या दिवशी दुपारी. दिवस थंडीचे. शेतात वाल फुलात आलेला आणि पहाटे दात वाजत होते.

मशीन सांभाळायचं काम वनिताकडे होतं. सून माणूस, नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर. त्याच्या शिफ्टप्रमाणे डबे करायचे, सासूची औषधं बघायची, आणि या सगळ्यात स्वतःचं म्हणावं असं काम हे एकच. वीज गेली तेव्हा मशीन गार पडायच्या आत तिने बायकांना बोलावलं, अंडी सहा टोपल्यांमध्ये भाताच्या तुसात मांडली आणि प्रत्येकीला सांगितलं, घरी न्या, गोधडीत घेऊन झोपा. सकाळी टोपल्या परत आल्या. त्यांच्याबरोबर मंगलताईही आल्या. त्या गटाच्या अध्यक्ष.

“मशीनमधली वस्तू भायेर काढायची कोणी सांगितली व्हती हिला?” त्या मला म्हणाल्या. “मेली सगळी. आता मशीन दुसरीकडे देऊ, जिला अक्कल हाय तिच्याकडे.”

वनिता दाराशी उभी होती. ती रडत नव्हती, त्यामुळे मला तिची जास्त काळजी वाटली.

तेवढ्यात अलिबागहून साहेबांचा फोन.

“मॅडम, झालं का तिकडचं?”

“अजून अंडी बघायची आहेत, सर.”

“त्यात काय बघायचं? नष्ट करायला सांगा. वीजपुरवठ्याअभावी नुकसान, असा दोन ओळींचा रिपोर्ट पाठवा. नवीन अंडी मिळतील त्यांना.”

“बघून पाठवते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं या ‘बघून’ शब्दावरूनच झाली आहेत.

आता टॉर्च. माझ्या एप्रनच्या खिशात कायम एक टॉर्च असतो. बोटाएवढा, एका सेलवर चालणारा, पेण एसटी स्टँडसमोरच्या गाडीवरून घेतलेला. असा टॉर्च मी बरीच वर्षं वापरतेय. हरवला की तसाच दुसरा. नवरा म्हणतो, “डॉक्टरीण तू, आणि टॉर्च जत्रेतल्या पोरासारखा!” म्हणू दे. गाईच्या तोंडात अडकलेला काटा, कुत्र्याच्या कानातली गोचीड, स्वतःच्या घराचं कुलूप, सगळीकडे तोच चालतो.

“मोबाइलची बत्ती घ्या की,” एकजण म्हणाली. मोबाइलचा उजेड सगळीकडे पसरतो. अंड्याला उजेड लागतो तो एकाच जागी, अरुंद. माझ्या टॉर्चच्या तोंडावर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. अंड्याचं रुंद टोक त्यावर बरोबर बसतं आणि उजेड बाहेर न सांडता आत जातो. अख्खं अंडं पेटतं. याला आम्ही कँडलिंग म्हणतो, कारण पूर्वी मेणबत्तीसमोर अंडं धरून बघत. गर्भ जिवंत असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधे काळा ठिपका हलतो. मेला असेल तर शिरा विरतात, रक्ताचं एक कडं उरतं.

यासाठी लागतो अंधार. त्या खोलीच्या पत्र्याला मात्र एवढी भोकं होती की भर दुपारी आत चांदणं पडलेलं.

“एक जाड गोधडी आणा,” मी म्हणाले. “आणि मंगलताई, तुम्ही माझ्याबरोबर आत या.”

“मी कशाला? वनिता देईल अंडी हातात.”

“मेली म्हणता ना? मग डोळ्यांनी बघा.”

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या. मग त्यांना यावंच लागलं. बसता बसता त्यांनी हिरव्या फडक्याने झाकलेली एक टोपली पायाने मागे सारली. माझ्या ते लक्षात आलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास. आत आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून. पहिल्या टोपलीतलं पहिलं अंडं टॉर्चवर ठेवलं. आतून तांबूस उजेड आला. शिरा स्वच्छ दिसत होत्या. मधला ठिपका स्थिर होता. मी थांबले. गार झालेला गर्भ लगेच मरत नाही, तो फक्त मंदावतो. पण किती मंदावलाय हे बाहेरून कळत नाही.

ठिपका हलला.

“अगो बाय! हललं!” मंगलताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेर गलका झाला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. “मॅडम, जीव हाय ह्यात!”

“आहे. वनिताने वाचवलाय.”

त्यांनी माझं मनगट सोडलं.

एकेक टोपली घेत गेलो. अधूनमधून एखादं मेलेलं निघायचं, एखादं मुळात फळलेलंच नव्हतं. बाकी सगळीकडे शिरा आणि हलते ठिपके. प्रत्येक ठिपक्याला मला मनापासून आनंद होत होता. इतकी वर्षं हे बघतेय, तरी होतो. मंगलताई मात्र टोपलीगणिक शांत होत चालल्या होत्या.

शेवटी हिरव्या फडक्याची. पहिलं अंडं आरपार पिवळं. शिरा नाहीत, कडं नाही, आतला बलक तेवढा सावलीसारखा सरकला. दुसरं तसंच, तिसरंही. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. अंडं जुनं होत जातं तशी ती मोठी होते. ही पोकळी जेमतेम शर्टाच्या बटणाएवढी होती. म्हणजे मशीनमध्ये आठवडा काढलेली ही अंडी नव्हतीच. एक-दोन दिवसांपूर्वी कोंबडीने घातलेली, ताजी.

“ही टोपली कुणाची?” मी हळू आवाजात विचारलं.

कानाशी कुजबुज आली, “माझी.”

“तुमची अंडी कुठं गेली?”

“फुटली. पलंगावर गोधडीत नीट ठेवली व्हती, शप्पत. पहाटे आमचे हे उठले नि अंधारात टोपलीवर बसले.”

“सगळी फुटली?”

“माणूस केवढा हाय, बघितलाव ना तुम्ही!”

मला रागही आला आणि हसूही. मग कळलं, घरच्या कोंबड्यांची आणि जावेकडची अंडी भरून बाईंनी टोपली पुरी केली होती. सगळीच अंडी फेकली गेली असती तर त्यांची कोणी बघितलीच नसती. त्यासाठी सकाळपासून वनिताच्या नावाने शंख चालला होता.

“मंगलताई, मी बाहेर जाऊन पाच टोपल्यांचा निकाल सांगणार,” मी म्हणाले. “सहावीचा तुम्ही सांगायचा.”

“अध्यक्ष हाय मी, मॅडम. गावात तोंड दाखवू कशी?”

“आणि वनिताने?”

टॉर्च विझवला. गोधडी बाजूला केली. दोघींचे केस विस्कटलेले, चेहरे घामाने डबडबलेले. बाहेरच्या बायका आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी सांगितलं की पाच टोपल्यांमधली बहुतेक अंडी जिवंत आहेत, ताबडतोब मशीनमध्ये घाला. वनिताने दाराची चौकट धरली. मग मी मंगलताईंकडे बघितलं.

त्या पदर सारखा करत उभ्या राहिल्या. वाटलं, आता टाळणार. पण बाई मुळात गुळमुळीत बोलणारी नव्हेच. सभेत बोलतात तसा आवाज लावला. “ऐका गो! माझ्या टोपलीतली एक पण रायली नाय. आमचे हे बसले त्यांच्यावर. ही आहेत ती मी घरची भरली. वनिताचं काय चुकलं नाय, चुकली मी. मशीन तिच्याकडेच राहील. गो वनिता, उभी काय? लाव अंडी.”

मग कोणीतरी विचारलं, “काकांना लागलं नाय ना?” आणि खोलीत हसण्याचा जो स्फोट झाला तो ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेला असेल. वनिता अंडी मांडता मांडता रडली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

साहेबांना मी कळवलं, किरकोळ नुकसान, खेप चालू. “कारण काय लिहू?” त्यांनी विचारलं. “अपघाती दाब,” मी म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्या ताज्या अंड्यांची भुर्जी झाली आणि तांदळाच्या भाकरीबरोबर माझ्यासमोर आली. मी नाही म्हणाले नाही.

पिल्लं एक दिवस उशिरा, पण निघाली. पुढच्या बैठकीत ठराव झाला, की वीज गेल्यावर अंडी घरी न्यायची वेळ आली तर आधी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करायची. ठराव मांडला मंगलताईंनी. ज्या घरचे पुरुष उशिरा उठतात त्याच घरी अंडी द्यायची, ही दुरुस्ती वनिताने सुचवली, आणि ती एकमताने मंजूर झाली.