बाभळीची रांग

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीची वाट बघत होते. बहिणीकडून परत निघाले होते, तिनं दिलेला लाडवांचा डबा मांडीवर होता. मामा एवढंच म्हणाला, "आबा गेलं. मेंढरं सोडाया उठलं व्हतं, वट्यावरच बसलं." मी बरं म्हणाले. फोन पिशवीत टाकला, डबा उघडला आणि एक लाडू खाल्ला. का, ते अजून सांगता येत नाही. महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही...

बिरू आबा म्हणजे माझ्या आईचे चुलते. केंदूरच्या पुढं आमचं गाव. त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, म्हातारपणी पाच-सहाच राखली होती. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे, तो कशाला लपवू? बी.ए. झाले आणि गावची रोजगार सेवक झाले. गावाच्या माळावर झाडं लावायची योजना आली ती माझ्याच टेबलावरून गेली. रोपं सरकारी, खड्डे रोजगार हमीतून गावानं खणायचे, तीन वर्षं टँकर आणि राखणदार, मग झाडं ग्रामपंचायतीच्या ताब्यात. राखणदार म्हणून आबांचं नाव मीच सुचवलं. माळावर चराईबंदी लागली होती, म्हणजे जन्मभर मेंढरं चारलेल्या माणसानं आता मेंढरं हाकलायची. बाकीचे मेंढके चिडवायचे, "आबा, मेंढरांचं पोलीस झाला व्हय?" आबा काठी वर करून म्हणायचे, "व्हय. आन् पयली अटक तुलाच."

माळ नुसता मुरमाचा. करंज, कडुलिंब तगले, पण वरच्या अंगाची एक रांग पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेली. आबांनी आपलाच उपाय काढला. ते रोज सकाळी वाघरात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, वाकून लेंड्या चाळायचे. बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या मेंढराच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते बी दूध पावडरच्या एका जुन्या डब्यात साठवायचे. पाऊसकाळात त्यांनी मेलेल्या रोपांच्या खड्ड्यात ते बी टाकलं, भोवती काटक्या रोवल्या. पुढच्या वर्षी त्या रांगेत गुडघ्याएवढ्या बाभळी उभ्या होत्या.

तपासणीच्या आधी मी मोबाईलवर प्रत्येक झाडाचा फोटो टाकत गेले. वरच्या रांगेत आले आणि थांबले. मंजूर यादीत बाभूळ नव्हती.

"आबा, ह्या काढाव्या लागतील. यादीत नाहीत."

"जित्या हायती की गं."

"जित्या आहेत, पण कागदात बसत नाहीत. रोपं मेली असं लिहिता येतं, पण साहेब विचारतील, ही भलतीच झाडं कुठून आली? योजनाच अडकेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू शिकल्याली हायस. तू म्हंतीस तर..." मग त्यांनी स्वतःच्या हातानं ती रांग उपटली. काट्यांनी बोटं रक्ताळली. मी शेजारी उभी राहून बघत होते. एकाही झाडाला हात लावला नाही.

तपासणीला तालुक्याहून साहेब आले. माळ फिरून बघितला, वरच्या रांगेशी उभे राहिले. "इथं काहीच कसं नाही?" मी यादीचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, रोप मेलं तर त्याच्या जागी इथलं कुठलंही झाड चालतं. बाभूळसुद्धा. परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर दिलंय, वाचलं नाही का?"

पहिलं पान मी तोंडपाठ केलं होतं. दुसरं उलटलंच नव्हतं.

आबा माझ्यापासून दोन पावलांवर होते. घरी येताना वाटेत म्हणाले, "साहेब काय म्हनला गं? वारं व्हतं, मला काय ऐकूच न्हाई आलं."

आबांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. ओढ्यापलीकडं कोकरू ओरडलं तरी कुणाचं ते सांगायचे. त्यांनी मला सुटायला वाट करून दिली आणि मी त्या वाटेनं सुटले. "काही नाही आबा, बरं झालंय म्हणाले," असं मी बोलले. खरं सांगायचं आज, उद्या करत राहिले. शेवटचं भेटले तेव्हाही तेच बोलायला गेले होते. चहा झाला, मेंढरांचं बोलणं झालं, उठले.

दहाव्यानंतर आबांच्या बायकोनं, आजीनं, बियांचा तो डबा माझ्या हातात दिला. "तुला द्याया सांगितलं व्हतं."

"कधी?"

"झालं की दोन-तीन म्हयनं. म्हनले, पोरीला दे, आता कागदात बसतंय म्हनावं."

मी डबा घेऊन उभी राहिले. आजी पदरानं डोळे पुसत होती, माझे कोरडेच.

डबा आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे, परिपत्रकांच्या फायलीवर ठेवलेला. पंखा लावला तरी कागद उडत नाहीत. वरची रांग अजून रिकामी आहे, खड्डे परवा मी स्वतः पावसासाठी उकरून ठेवले. फाईल काढायची तर आधी डबा उचलावा लागतो. आत बी वाजतं. तेवढं थांबते, आणि मग दुसरं पान आधी वाचते.