यादीत नसलेली थोरली

सुईमावशीचं एक काम माझ्यामुळे राहिलं. लोक म्हणतात, अगं, तू त्या म्हातारीसाठी किती केलंस. केलं, हो. फायली केल्या. मला तिथं बसवलंय ते फायली करायलाच. पण तिनं तीस वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मी 'बघू, बघू' करत लांबवली. तेव्हा माझं कौतुक नको, आधी तिचं ऐका.

आमच्या ज्यू समाजाचं मदत केंद्र म्हणजे सिनेगॉगच्या मागच्या तीन खोल्या. पहिलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी जेवणाचे डबे भरतात, दुसरीत दानात आलेले कपडे असतात आणि तिसरीत मी. छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांचे मदतीचे अर्ज मी भरते. शाळांमध्ये होलोकॉस्ट शिकवतात, त्यांना लागणारे फलक, नकाशे आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज मीच पाठवते. आणि वर्षातून एकदा, स्मृतिदिनाला, आमच्या लोकांनी गमावलेल्या माणसांची नावं मी मोठ्यानं वाचते. चारशे बारा नावं. माझा आवाज खणखणीत म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. घरी त्याच आवाजापायी बोलणी खाते.

सुईमावशी कपड्यांच्या खोलीत बसायची. दर मंगळवारी आणि गुरुवारी, पगार नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो जाऊन वीस वर्षं झालेली. मूलबाळ नाही. आयुष्यभर लोकांचे कोट शिवले, आणि हात थांबले की बोटं दुखतात म्हणून आमच्याकडे आली. तिचा नियम असा, की एक बटण जरी कमी असलं तरी तो कपडा कुणाला द्यायचा नाही. फाटकं देणं म्हणजे देणं नव्हे, घर झाडणं, असं ती म्हणायची. एकदा एका बड्या घरच्या बाईंनी कपड्यांच्या ढिगात एकच मोजा पाठवला. मावशीनं तो धुतला, रफू केला आणि चिठ्ठी लावून परत धाडला: 'जोडीदार सापडला की दोघांना एकदम पाठवा.' त्या बाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मावशीला काही बोलायची कुणाची टाप नव्हती.

तिची मुलाखत आमच्याकडे होती. दोन तासांची. बारा-पंधरा शाळांत दरवर्षी ती दाखवायचे. चौदा वर्षांची मुलगी, कुंपण घातलेल्या वस्तीत गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला, आई आणि अकरा वर्षांची धाकटी बहीण बरोबर. धाकटी तापानं जाते, आईला पुढे गाडीत घालून नेतात, थोरली शिवण येते म्हणून वाचते. मुलं निमूट ऐकायची. त्या धाकटीचं नाव आमच्या यादीत होतं, वस्तीच्या मृत्यूनोंदीतून आलेलं. मी ते वाचायचे तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली मावशी, शाळेत हजेरीला मूल सावरून बसतं तशी, जरा ताठ व्हायची. मला वाटायचं, बहिणीची आठवण. माणसाला वाटतं काय आणि असतं काय.

गेल्याच्या गेल्या वर्षी, वाचन झाल्यावर आठवड्याभरानं ती माझ्या खोलीत आली. गळ्यात मापाचा टेप तसाच. दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसली.

"तू दरवर्षी वाचतेस ते नाव माझं आहे," ती म्हणाली. "माझं स्वतःचं."

मला वाटलं, झालं, आता हिचंही डोकं चालेनासं झालं. पण मावशीचं डोकं माझ्यापेक्षा ताळ्यावर होतं. तिनं सगळं नीट, क्रमानं सांगितलं. तापानं गेली ती थोरली. कामाचं कार्ड थोरलीच्या नावाचं होतं, आणि ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना आठवड्याभरात छावणीच्या गाडीत घालणार हे वस्तीत सगळ्यांना कळलं होतं. आई रात्रभर थोरलीच्या उशाशी बसली. सकाळी उठून नोंदणीच्या टेबलाशी गेली आणि धाकटी वारली असं सांगून आली. मग थोरलीचा कोट धाकटीच्या अंगावर चढवला, बुटांत चिंध्या कोंबल्या आणि कार्ड हातात दिलं. "आता तू ती," एवढंच म्हणाली. अकरा वर्षांच्या पोरीला साधा टाका येत नव्हता. बाजूच्या मशीनवरच्या बायकांनी पहिले चार दिवस तिच्या वाटचं शिवून दिलं आणि मशीनच्या पायपट्टीवर लाकडी ठोकळा बसवला, पाय पोचावेत म्हणून. पाचव्या दिवसापासून ती शिवायला लागली, ती पुढची ऐंशी वर्षं शिवतच राहिली.

सुटका झाल्यावर हातात कागद होते ते थोरलीच्या नावाचे. त्याच कागदांवर तिला देश मिळाला, नोकरी मिळाली, नवरा मिळाला. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं. त्याच्याखेरीज कुणालाच नाही. कागदोपत्री ती तीन वर्षांनी मोठी. "निवृत्ती तेवढी तीन वर्षं आधी मिळाली," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मी हसले नाही. 

मग तिनं मागणं मागितलं. मृतांच्या यादीत नाव घालायचं तर आमच्याकडे एक साक्षपत्र असतं. गेलेल्याचं नाव, वय, ठिकाण, साक्षीदार कोण, त्याचं नातं काय. आणि खाली सहा कोऱ्या ओळी: 'ही व्यक्ती कशी होती?' तिला ते थोरलीसाठी भरायचं होतं. जिवंत असताना, स्वतःच्या सहीनं.

"माझं नाव तू कितीदा वाचलंस. तिचं एकदाही कुणी घेतलं नाही," ती म्हणाली. "ती मेली हे जगात फक्त मला ठाऊक आहे. मी गेले की ती मेलीसुद्धा नाही असं होईल. एकदा तिचं नाव वाच, मला ऐकू दे."

आता माझं काय झालं ते सांगते, लाज सोडून. मी तिचा हात धरायला हवा होता. मी फाईल धरली. साक्षीदार म्हणून सही कुठल्या नावानं करणार? थोरलीच्या नावानं केली तर थोरली जिवंत. धाकटीच्या नावानं केली तर धाकटी आमच्याच यादीत मेलेली. त्यात तिच्या घरी रोज चार तास मदतीला बाई यायची, ती थोरलीच्या कागदांवर. त्या मदतीचं नूतनीकरण नेमकं तेव्हाच अडकलेलं. कुणी म्हणालं, म्हातारीनं नाव खोटं सांगितलं, तर? मग घरात स्वयंपाकपाणी कोण करणार, अंघोळ कोण घालणार?

पण खरं सांगू, मदतीची बाई हे निमित्त. माझं घोडं अडलं होतं त्या मुलाखतीपाशी. छावण्या झाल्याच नाहीत म्हणणारे लोक असतात. त्यांची पत्रं मला येतात, शाळांना येतात. त्यांच्या हाती असं कोलीत द्यायचं? नाव खोटं, वय खोटं, मग बाकीचं कशावरून खरं, असं कुणी भर वर्गात विचारलं तर मास्तरांनी काय सांगायचं? मी तिला हे सगळं समजावलं. उंटावरचा शहाणा बोलतो तशी बोलले. नूतनीकरण होऊ दे, मुलाखतीचं काय करायचं ते कार्यकारी मंडळाला विचारू, मग सावकाश भरू.

ती ऐकत होती. मग म्हणाली, बरं, सही राहू दे, निदान खालच्या ओळी तरी लिहून घे. "तिला ना," ती म्हणाली आणि तोंडभर हसली.

मी म्हटलं, "मावशी, आधी वरचं मिटू दे. ते काय, कधीही लिहिता येईल."

ती उठली, टेप सारखा केला आणि कपड्यांच्या खोलीत गेली.

नूतनीकरणाला सात महिने लागले. मंडळाची बैठक दोनदा पुढे गेली. मीही फारसा जोर लावला नाही, खोटं कशाला बोलू. स्मृतिदिन आला. मावशी पहिल्या रांगेत होती आणि मी पुन्हा तिच्याच तोंडावर तिचंच नाव वाचलं. त्या वेळी ती ताठ झाली नाही. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, तुझा घसा बसलाय, गरम पाणी पी. पुढच्या वर्षी नक्की, असं मी तिला सांगितलं. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला पुढच्या वर्षीचा वायदा दिला. सहा आठवड्यांनी ती झोपेतच गेली.

आमच्यात बाई गेली की तिला अंत्यस्नान घालायचं काम बायकांचंच, आणि तेही स्वयंसेवेचं. त्या बायकांच्या गटात मी आहे. तिथं गप्पा नाहीत, रडारड नाही. अंग झाकून, थोडं थोडं उघडून धुवायचं, पांढरे कपडे घालायचे. आणि सुरुवातीला गेलेल्या बाईला तिच्या आणि आईबापाच्या नावानं हाक मारून माफी मागायची, की आमच्या हातून काही उणं झालं तर क्षमा कर. हाक मारायची पाळी माझ्यावर आली. मी धाकटीचं नाव घेतलं.

आमच्यातली वयानं मोठी, निवृत्त परिचारिका, तिचा हात थांबला. कुजबुजत म्हणाली, चुकलीस, हे तिच्या बहिणीचं नाव.

"नाही चुकले," मी म्हटलं. "ही तीच आहे. ऐंशी वर्षं कुणी हाक मारली नाही तिला."

परिचारिकेनं माझ्याकडे बघितलं, मग मावशीकडे.  ते नाव तिनं घेतलं, बाकीच्या दोघींनी घेतलं, आणि आम्ही तिला धुतलं. खांदे केवढेसे होते. बोटांवर सुयांच्या टोकांचे बारीक काळे ठिपके होते, ते काही केल्या निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साक्षपत्र काढून बसले. मंडळाला विचारलं नाही. गेलं मंडळ खड्ड्यात. थोरलीचं नाव लिहिलं. वय चौदा. आजार ताप. साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं, नातं: काही नाही. सही केली. वर्षभर ज्या सहीसाठी घोळ घातला ती करायला अर्धं मिनिट लागलं. मग खालच्या सहा ओळींशी आले. ही व्यक्ती कशी होती?

मला माहीत नव्हतं. थोरलीला ओळखणारं माणूस आता जगात उरलं नव्हतं. म्हणून मुलाखत लावली आणि दोन तास, पेन हातात घेऊन, कान देऊन ऐकली. धाकटीबद्दल त्यात पुष्कळ होतं. हट्टी होती, अंधाराला भ्यायची, रात्री पाय गार पडले की दुसऱ्याच्या पोटाला लावायची. ते सगळं मावशी स्वतःबद्दलच सांगत होती. थोरलीबद्दल काहीच नव्हतं. कुठून असणार? थोरली म्हणून तीच समोर बसली होती, आणि स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं कोण करतं? कॅमेऱ्यामागच्या मुलीनं एकदा विचारलं होतं, तुम्ही बहिणीशी कशा वागायचात? मावशी मग म्हणाली, "मी? मी कुठली चांगली. ओरडायचे तिच्यावर."

मी तो तुकडा चारदा लावला. कुणाचे पाय कुणी पोटाशी घेतले असतील ते मला कळत होतं, पण ते मी लिहू शकत नव्हते. मी साक्षीदार नव्हते. साक्षीदार माझ्यासमोर बसून हसत सांगत होती आणि मी तिला, कधीही लिहिता येईल, म्हटलं होतं.

शेवटी पहिल्या ओळीत लिहिलं: शिवण येत होती. पाच ओळी तशाच सोडल्या आणि कागद नोंदीसाठी पाठवून दिला. या वर्षी यादीत चारशे बाराच नावं आहेत, एक काढलं आणि एक घातलं. घातलेलं मी वाचलं तेव्हा पहिल्या रांगेत कुणी ताठ झालं नाही.