मागून आणलेल्या लोकरीची टोपी

सोलापुरात लोकर विणायला घेणं म्हणजे तापल्या तव्याला शाल पांघरणं. आमच्या भवानी पेठेत वैशाखात कोंबडी अंडं घालते ते उकडूनच, हे मी दुधनीला माहेरी शपथेवर सांगितलंय. तिथं कुणी हरकत घेतली नाही. दुधनीच्या कोंबड्या तर अंडं सोलूनच घालतात.

विणकामाशी माझं भांडण शाळेपासूनचं. बाईंनी सुलट शिकवलं, उलट शिकवलं आणि टाके बंद करायचे शिकवले त्या दिवशी मी चिंचेच्या झाडावर होते. त्यामुळं माझा मफलर थांबेचना. लांबत लांबत तो दुधनी स्टेशनच्या पुढं गेला आणि मालगाडीला सिग्नल समजेना, असं माझा भाऊ अजून सांगतो. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. स्टेशनच्या अलीकडंच संपला होता. शेवटी आईनं सुयांची जोडी चुलीमागं टाकली आणि मीही सुटले.

विणकाम परत हातात आलं, ते मात्र हसण्यावारी नव्हतं.

दुष्काळ सरून एक पावसाळा झाला होता. पौषातली थंडी. माझ्या धाकट्या जावेला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. आधीची दोन हाती लागली नव्हती. दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा पोर एवढं होतं की दुष्काळात रेशनवर मिळायच्या त्या लाल मिलोच्या भाकरीत गुंडाळलं असतं तर भाकरी उरली असती. रडायचंसुद्धा नाही. नुसते ओठ हलायचे, निळसर. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, "डोकं उघडं ठेवू नका. सगळी ऊब तिथूनच जाते. लोकरीची घट्ट टोपी घाला." सुती कुंची होती, पण ती घसरून मानेवर यायची आणि टाळू गार पडायची. जाऊ रात्रंदिवस स्वतःचा तळवा त्याच्या टाळूवर धरून बसलेली. जेवायला हात सोडायची नाही.

मी म्हटलं, "अव्वा, नव्या पेठेतनं टोपी आणते."

अव्वा म्हणजे आमच्या सासूबाई. पानसुपारीचा बटवा कमरेला आणि अख्खं घर त्या बटव्यात. म्हणाल्या, "बेडव्वा, नको. या पोराला इकतचं काय घालायचं न्हाय. पाच घरचं मागून आणायचं. मागून आणल्यालं लेकरू देव मागं घेत न्हाय."

मुलं न जगणाऱ्या घरात अंगडं-टोपडं भिकेच्या कापडाचं करतात, तशी ही भिकेची लोकर. आणि भवानी पेठेत सूत म्हणाल तर गल्लीला झालर लागेल एवढं, घरोघर हातमागच चालू. पण लोकर? अव्वा पदर पसरून निघाल्या. शेजारच्या तेलुगू अक्कांनी नवऱ्याच्या माकडटोपीचा गोंडा दिला. निवृत्त रेल्वे गार्डनं स्वेटरच्या एका बाहीवर कात्री चालवली आणि त्या हिवाळ्यात तो एका हातानं कुडकुडला. कुणी मुलीचा रिबनीएवढा मफलर दिला, कुणी फाटका हातमोजा. पाचव्या घरात घोंगडीच्या काठाची काळी, खरबरीत, हातभर दशी मिळाली.

"आन् मागून आणल्यालं टाकायचं न्हाय," अव्वा म्हणाल्या. "सगळं टोपीत गेलं पायजे."

"विणणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. लग्नात मीच फुशारकी मारली होती ना, विणकामात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही म्हणून!

सुया नव्हत्या. आमच्या ह्यांच्या छत्रीच्या दोन काड्या काढून जात्याच्या दगडावर घासल्या. सगळी लोकर उसवून एकाच गुंडीत गुंडाळली आणि टाके घातले. बोटांना पहिल्यांदा काहीच आठवेना. मग आठवलं, आणि गळलेल्या टाक्यांसकट सगळं आठवलं. पलीकडच्या खोलीतनं जाऊ दर थोड्या वेळानं विचारायची, "अक्का, झाली का?" आवाज खाली खाली जात होता. मी म्हणायची, "झालीच की." झालेलं काहीच नसायचं.

माप घ्यायला मी दोरा घेऊन आत गेले, तर अव्वांनी दोरा हिसकावला. "लेकराला मापतीस? वाढ खुंटंल की त्याची!"

मग माप कशाचं घ्यायचं? देव्हाऱ्यातल्या कलशावरच्या नारळाचं घेतलं. लेकराचं डोकं नारळाएवढं, असं म्हणतातच. माथा बाकी ठेवूनच टोपी बाळाला घालून पाहिली, तर ती हनुवटीपर्यंत आली आणि आत बाळ दिसेनासं झालं. जावेनं टोपी काढून तळवा परत टाळूवर ठेवला. "पाय बी गार लागायलेत," एवढंच म्हणाली.

टोपी सर्रकन उसवली. मग बाळाजवळ गेले आणि अव्वांच्या देखत डोक्यावरून हात फिरवला. मापलं नाही हं. थोरली काकू मायेनं हात फिरवते. आता माझी वीत हातालाच चिकटलेली, तिला काय दाराबाहेर ठेवू? अव्वांनी पाहिलं, तोंडातलं पान या गालातनं त्या गालात घेतलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

दुसऱ्यांदा विणली ती लोकर दुहेरी धरून, सुया पेटतील अशा वेगानं. भिंती झाल्या. आता माथा. टाके कमी करून बंद करायचे होते, आणि तिथंच ते चिंचेचं झाड आडवं आलं. मफलरसारखी ही टोपीही वरून उघडीच राहणार. ऊब निघून जायला अगदी राजमार्ग! काड्यांवर टाके टांगलेले, आणि आत जाऊ विचारायची थांबलेली. ती विचारत होती तेव्हा बरं होतं.

समोर अव्वांनी सुपारी काढून बटव्याचा बंद ओढला. बटव्याचं तोंड चुण्या पडत मिटलं.

मी ओरडलेच. घोंगडीची काळी दशी तेवढीच उरली होती. ती सगळ्या टाक्यांमधून ओवली आणि बटव्यासारखी ओढली. माथा मिटला. दशी तुटली नाही. मऊ लोकर असती तर तिथंच जीव सोडला असता तिनं.

टोपी बसली. पंचरंगी, गाठी-गाठीची, वर काळा शेंडा. जावेनं हळूच तळवा काढला. आम्ही तिघीजणी पोराच्या ओठांकडं बघत बसलो. दिवेलागणीला पोर पहिल्यांदा रडलं. मांजराच्या पिलाएवढं, पण मी सांगते, होटगी स्टेशनपर्यंत ऐकू गेलं.

पण भीती गेली नाही. टोपी काढायची कुणाची छाती होईना. बारसं नाही, नाव नाही. अव्वा म्हणायच्या, "नाव ठिवलं की वर कळतं." शिमगा झाला, पाडवा झाला, पत्रे तडतडायला लागले. आम्ही पदरानं वारा घेतोय, आणि पोर लोकरीच्या टोपीत घामाघूम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काढा. जाऊ काढायला हात न्यायची आणि टोपी उलट कानांवर ओढून घट्ट करायची.

एका दुपारी अव्वा त्याला मांडीवर घेऊन आंबील ढवळत होत्या. पोरानं काळा शेंडा मुठीत धरला, जोर लावून लालबुंद झालं, टोपी ओढून काढली आणि भिरकावली ती थेट आंबिलात.

जाऊ किंचाळली. अव्वांनी त्याच्या ओल्या टाळूवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"टाळू ऊन हाय," म्हणाल्या. मग त्याच्याकडं डोळे वटारून, "माझ्या आंबिलात टोपी टाकतोस व्हय रे, गाढवा?" आणि जावेकडं न बघता, "जा गं, पाळण्याच्या दोऱ्या काढ. बारसं करायचंय."