तांदळात लिहिलेले नाव

मंठ्याला, माहेरच्या पत्त्यावर, माझ्या लग्नाआधीच्या नावाने एक रजिस्टर पत्र आले. भावजयीने पोस्टमनला सांगितले, "अशी कुणी बाई इथं राहत न्हाई." ती खोटे बोलली नाही; त्या नावाने तिने मला कधी ओळखलेच नव्हते. भाऊ अंगणात होता म्हणून पत्र परत गेले नाही.

मी बी.ए. झाले त्या वर्षी वडिलांनी शाळामास्तराच्या पगारातून माझ्या नावावर पन्नास शेअर घेतले होते. "जमीन भावाला जाईल, हे तुझं," एवढेच ते म्हणाले होते. पत्रात लिहिले होते की आता नियम बदलले आहेत. कागदी शेअर विकता येत नाहीत, ते डीमॅट खात्यात न्यावेत, त्याआधी ओळख पटवावी, नाहीतर ते सरकारी निधीत जमा होतील. हे सारे 'गुंतवणूकदारांच्या हितासाठी' होते.

जुन्या जालन्यात एका ठोक कापड दुकानाच्या माळ्यावर दलालाचे ऑफिस आहे. यजमानांना घेऊन गेले. दलालाने शेअरचा कागद आणि माझे आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवले.

"काकू, ह्या बाई कुठं असतात? त्यांनाच घेऊन या ना."

"मीच ती."

"आडनाव बदललेलं समजतो मी. पण हितं तर सुरुवातीचं नावसुद्धा वेगळं हाय. बिलकुल दुसरी बाई."

काही बोलावे असे वाटले. पण सवयीने मी यजमानांकडे पाहिले. ते म्हणाले, "चार पैशांची गोष्ट हाय. सोडून दे."

"साहेब, आता मोबाइलमधल्या आभासी नाण्यालाबी केवायसी, ओळखीची कागदं, मागून राह्यले," दलाल म्हणाला. "लग्न नोंदवल्याचा दाखला हाय? नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र? न्हाईतर साहेबांचं प्रतिज्ञापत्र आणा, लग्नात नाव बदललं म्हणून."

दाखला नव्हता. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले गेले आणि यजमानांनी अंगठीने त्यात एक नाव लिहिले. ते त्यांच्या आत्याबाईंनी सुचवले होते. सर्वांनी पेढे खाल्ले. मला कोणी विचारले नाही, आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेली मी, ताटाकडे पाहत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. तो मीच रांधला. माझे नाव पुसल्याचा तेवढाच पुरावा होता, आणि तो आम्ही वरणासोबत जेवलो.

माळ्याचा जिना मी यजमानांच्या पुढे उतरले. कधीच अस्तित्वात नसलेले नाणे आपले म्हणून दाखवता येते, आणि वडिलांनी दिलेली वस्तू मला माझी म्हणता येत नाही, याचा संताप होता. पण नियमावरच सगळा राग काढणे मला प्रामाणिक वाटेना. ती बाई कुठे आहे, हे निदान दलालाने विचारले तरी. आमच्या घरात चाळीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी म्हणाले, "लिहून द्या, नाव तुम्ही बदललंत."

"मी कुठं बदललं? रिवाज होता."

"अंगठी कोणाच्या बोटात होती?"

त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. "या वयात भांडून राह्यलीस?"

"त्या वयात भांडले असते तर आज वेळ आली नसती."

ते म्हणाले, असल्या कागदावर आपण सही करणार नाही; लोकांना वाटेल, आपण काही गुन्हा केला.

मी पत्र पुन्हा वाचले. शिक्षणाचा उपयोग मला नेहमी उशिराच सुचतो. पत्रात एवढेच म्हटले होते की शेअर आणि ओळखपत्र, दोन्ही कागदांवरचे नाव एक असावे. कोणता कागद बदलायचा, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

राजपत्राचा अर्ज मी स्वतः भरला. सेवा केंद्रातल्या बाईने तो पाहिला आणि हसली. "काकू, उलटं झालं. जुनं नाव वर लिहायचं."

"बरोबर आहे. आधारवरचं आहे ते जुनं."

"अहो, मंग आधार, बँक, रेशन, मतदान, सगळंच बदलावं लागंल! चकरा किती, खर्चा किती!"

"करीन."

'बदलाचे कारण' या राहिलेल्या रकान्यात मी लिहिले: माझे मूळ नाव. अक्षर थोडे वाकडे आले. राग आला की माझे अक्षर बिघडते.

सोबत आलेले यजमान मागे उभे होते. लग्नाच्या दिवशी लिहिलेले ते नावही त्यांनी कधी उच्चारले नव्हते. त्यांच्या तोंडी मी कायम 'अगं'. ते म्हणाले, "मंग मी आता तुला काय म्हणायचं?"

मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"वाचा," मी म्हणाले. "मोठ्याने."